अन्ननलिकेतली साधी गाठ, आणि तिच्यावरच्या अस्तरात लपलेला कॅन्सर

मामांच्या एन्डोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये खाली दोन ओळी होत्या. पहिली ओळ घरात सगळ्यांनी वाचली. दातांपासून २८ सेंटिमीटरवर अन्ननलिकेत अस्तराखाली छोटी गाठ, बहुतेक लायोमायोमा. लायोमायोमा म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नाही, असं डॉक्टरांनी तोंडी पण सांगितलं, मामीने त्याच संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली आणि विषय संपला. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की गाठीवरचं अस्तर किंचित लालसर दिसतंय, वर्षभराने परत बघावं. ती ओळ कुणाच्या डोक्यातच राहिली नाही. माझ्याही नाही, आणि रिपोर्ट माझ्याच मोबाईलमध्ये होता.

ह्या दुसऱ्या ओळीबद्दलच लिहायचंय. मी डॉक्टर नाही, पण पुढचं दीड वर्ष ह्या विषयात इतकं राहावं लागलं, इतक्या डॉक्टरांना तेच तेच विचारलं, की आता निदान साध्या शब्दात सांगता येईल असं वाटतं.

आधी अन्ननलिका कशी असते ते बघू. मोठ्या माणसात साधारण २५ सेंटिमीटरची नळी, घशापासून पोटापर्यंत. भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाड, पण तिला थर आहेत. सगळ्यात आतलं गुळगुळीत अस्तर, त्याच्या तळाशी स्नायूचा एक अगदी पातळ पडदा, मग रक्तवाहिन्या आणि लिम्फच्या, म्हणजे शरीरातल्या पाण्यासारख्या द्रवाच्या, बारीक नळ्या असलेला मऊ सैल थर, आणि त्याच्या बाहेर घास खाली ढकलणारा जाड स्नायू. पोटाला आणि आतड्याला बाहेरून अजून एक आवरण असतं, अन्ननलिकेला बहुतेक भागात ते नसतं, त्यामुळे इथला कॅन्सर एकदा खोल गेला की शेजारच्या श्वासनलिकेपर्यंत पोचायला त्याला फारशी अडचण येत नाही. म्हणून इथे एकेका थराला इतकं महत्त्व, कॅन्सर किती मोठा आहे ह्यापेक्षा तो कितव्या थरापर्यंत उतरलाय हा प्रश्न मोठा.

आता गोधडी डोळ्यासमोर आणा. गोधडीखाली एक लिंबू ठेवलं तर वर उंचवटा दिसतो, आपण म्हणतो अरे खाली काहीतरी आहे, आणि लिंबू आहे कळलं की निर्धास्त होतो. पण त्याच उंचवट्यावर गोधडीच्या कापडालाच कसर लागली असेल तर? लिंबाचा आणि कसरीचा काही संबंध नाही, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फक्त एकाच जागी आल्यात. लायोमायोमा म्हणजे ते लिंबू, स्नायूच्या पेशींची साधी गाठ. अन्ननलिकेतल्या साध्या गाठींमध्ये हीच सगळ्यात जास्त सापडते, बहुतेक वेळा मधल्या किंवा खालच्या भागात, आणि तिचा कॅन्सर होणं जवळजवळ ऐकिवात नाही. लहान असली की त्रासही देत नाही. दुसऱ्याच कशासाठी, ॲसिडिटीसाठी म्हणा, स्कोप घातला आणि सापडली असं होतं. आणि कसर म्हणजे अस्तराच्या पेशींमध्ये सुरू झालेला कॅन्सर. त्याला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा म्हणतात आणि जगात अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये बहुतांश हाच असतो.

जपान आणि चीनच्या डॉक्टरांनी असे पेशंट नोंदवलेत, खाली लायोमायोमा आणि बरोबर त्याच्या डोक्यावर अगदी सुरुवातीचा कॅन्सर. हे वारंवार होतं असं मुळीच नाही, दुर्मिळच आहे, लायोमायोमा निघालेल्या कुणी हे वाचून झोप उडवून घेऊ नये. एकाच जागी का येतात ह्याबद्दल एक अंदाज असा मांडला जातो की उंचवट्यावरून रोजचा घास, गरम चहा घासून जातो, तिथलं अस्तर सतत दुखावतं आणि मग बिघडतं. काहींना तो निव्वळ योगायोग वाटतो. पेशंटच्या दृष्टीने कारण काहीही असो, फसगत कशी होते ते समजून घेणं जास्त कामाचं.

फसगतीचा पहिला प्रकार मामांचा. उंचवटा दिसला की डॉक्टरांचंसुद्धा लक्ष खाली काय आहे तिकडे जातं, वर पातळसा लालसर भाग असला तर तो गाठीच्या दाबाने झाला असेल असं वाटून जातं. त्यात अजून एक गोष्ट, जी मला आधी माहीतच नव्हती. लायोमायोमासारख्या गाठीची साधी बायोप्सी डॉक्टर शक्यतो घेतच नाहीत, आणि त्याला चांगलं कारण आहे. चिमटा वरचं अस्तर तेवढं तोडतो, गाठीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे उत्तर मिळत नाही, आणि वर जखम भरताना अस्तर गाठीला चिकटून बसतं, मग पुढे गाठ सोडवून काढायची वेळ आली तर फाटण्याची भीती वाढते. म्हणजे नियम बरोबरच आहे. पण तो नियम खालच्या गाठीसाठी आहे. वरच्या अस्तराचा रंग किंवा पोत वेगळा दिसत असेल तर प्रश्नच वेगळा होतो, तिथे अस्तराचीच बायोप्सी हवी असते.

दुसरा प्रकार ह्याच्या बरोबर उलटा, आणि मला तो जास्त भीतीदायक वाटतो. समजा कॅन्सर सापडला, पण खाली साधी गाठ आहे हे कळलंच नाही. सुरुवातीचा कॅन्सर सहसा सपाट असतो, किंचित वर किंवा किंचित खोलगट. तो जाड, फुगीर दिसला की डॉक्टरांना रास्त शंका येते की हा खोल उतरलाय. आता इथे फुगवटा लिंबाचा आहे, कसरीचा नाही, पण कुणी गोधडीखाली पाहिलंच नाही तर निदान होतं खोल गेलेल्या कॅन्सरचं, आणि पेशंटला सांगितलं जातं अख्खी अन्ननलिका काढायला. छाती, पोट, कधी मानेतूनही जाणारं ते ऑपरेशन, पोटाची नळी करून वर आणून जोडायची, महिनोन्महिने जेवणाचे हाल. जे काम तोंडातून नळी घालून होण्यासारखं होतं त्याच्यासाठी.

लपवणाऱ्या गोष्टी अजूनही आहेत. पॅपिलोमा नावाची पांढरट, चामखिळीसारखी वाढ असते, ती साधीच, पण व्हेरुकस कार्सिनोमा नावाचा एक हळू वाढणारा कॅन्सर जवळपास तसाच दिसतो आणि वरवरचे तुकडे तपासले की पुन्हा पुन्हा कॅन्सर नाही असा रिपोर्ट येत राहतो, कारण खरी खूण तुकड्याच्या तळाशी असते. दारूने लिव्हर खराब झालेल्यांच्या अन्ननलिकेत शिरा फुगलेल्या असतात, त्यांच्यावरच्या अस्तरातला बदल दिसायला अवघड आणि रक्त वाहील म्हणून तिथे चिमटा लावायला डॉक्टर दहा वेळा विचार करतात. आणि चूक उलट्या दिशेनेही होऊ शकते. ग्रॅन्युलर सेल ट्युमर म्हणून एक पिवळसर, टणक गाठ असते, बहुतेक वेळा साधीच, पण तिच्यावरचं अस्तर असं काही जाड होऊन खाली बोटं सोडतं की मायक्रोस्कोपखाली ते कॅन्सरसारखं वाटू शकतं. म्हणजे साध्या गाठीवर कॅन्सरचा शिक्का बसायचा. म्हणून बायोप्सीचा तुकडा पाठवताना खाली गाठ आहे हे पॅथॉलॉजिस्टला लिहून कळवणं फार गरजेचं, नाहीतर त्या बिचाऱ्याला फक्त एक तीळभर तुकडा मिळतो.

मग दिसतं कसं? मामांच्या बाबतीत १४ महिन्यांनी दिसलं. मामा परत जायला तयार नव्हते, "गाठ साधी हाय म्हणल्यावर परत नळी कशाला घालायची?" हे त्यांचं म्हणणं, आणि खरं सांगायचं तर त्यांना कसलाही त्रास नव्हता, भाकरी व्यवस्थित उतरत होती. अन्ननलिका फार लवचिक असते, घास अडकायला लागतो तोवर आतली जागा बरीच कमी झालेली असते, म्हणून सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये लक्षण नसतंच. आईने हट्ट धरला म्हणून ते गेले. ह्या वेळी दुसऱ्या डॉक्टर होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गाठीबद्दल नव्हताच. "तंबाखू किती वर्षं?" मामा म्हणाले पस्तीस. त्यावर त्या म्हणाल्या, मग आज मी घाई करणार नाही.

आधी त्यांनी आतला फेस, चिकटा पाण्याने धुऊन काढला. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण एक-दोन मिलिमीटरचा रंगातला फरक बघायचा असेल तर त्याच्यावर लाळेचा थर असून चालत नाही. मग स्कोपवरचं एक बटण दाबून उजेड बदलला. ह्याला एनबीआय म्हणतात. पांढऱ्या उजेडाऐवजी फक्त निळ्या आणि हिरव्या रंगाच्या दोन अरुंद पट्ट्या, ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या. रक्तातलं हिमोग्लोबिन हाच उजेड जास्त शोषतं, त्यामुळे अस्तरातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या तपकिरी उठून दिसतात. नेहमीच्या अस्तरात त्या सुबक छोट्या फासांसारख्या असतात. कॅन्सर सुरू झाला की फास जाड, वेडेवाकडे होतात, गर्दी करतात. अजून खोल गेला की फासाचा आकारच मोडतो. जपानी डॉक्टरांनी ह्याचे बी-१, बी-२, बी-३ असे प्रकार पाडलेत, बी-१ म्हणजे फास शिल्लक आहे, कॅन्सर बहुधा अस्तरातच, बी-३ म्हणजे जाडजूड वाहिन्या, कॅन्सर बहुधा खालच्या सैल थरात खोलवर. मामांच्या गाठीवर तपकिरी पट्टा दिसला, बी-१.

मग आयोडीन. शाळेत बटाट्याच्या कापावर आयोडीनचा थेंब टाकून तो निळा-काळा झालेला बघितलाय ना, तसंच काहीसं. फ्रान्सच्या लुगोल नावाच्या डॉक्टरांनी १८२९ मध्ये बनवलेलं आयोडीनचं द्रावण आजही वापरतात, पातळ करून. अन्ननलिकेच्या निरोगी अस्तरात ग्लायकोजेन साठवलेलं असतं, त्याच्यामुळे आयोडीन लागलं की सगळी नळी गडद तपकिरी होते. कॅन्सरच्या पेशींकडे तो साठा उरलेला नसतो, तो भाग रंग घेत नाही, पांढरट-पिवळा राहतो, आणि दोन-तीन मिनिटं थांबलं की गुलाबी होतो. ह्या गुलाबी होण्याला डॉक्टर फार मानतात, कारण सूज किंवा जळजळ असलेला भागही रंग न घेता राहू शकतो पण असा गुलाबी सहसा होत नाही. चीनच्या हेनान प्रांतात, लिनशियानच्या भागात ह्या कॅन्सरचं प्रमाण फार आहे, तिथे गावोगावच्या लोकांची ह्याच पद्धतीने तपासणी करतात. आयोडीनने छातीत जळजळ होते म्हणून नंतर सोडियम थायोसल्फेट फवारतात, आणि आयोडीनची ॲलर्जी किंवा थायरॉईडचा त्रास असेल तर आधीच सांगायचं. मामांच्या स्क्रीनवर रंग न घेतलेला भाग गाठीच्या कडेच्याही बाहेर पसरलेला होता. तो फोटो मी अजून जपून ठेवलाय, तपकिरी नळीत एक फिकट, वेडावाकडा डाग, आणि खालून आलेला तो उंचवटा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या फोटोत डोळ्यांना दिसतं. बायोप्सी ह्या वेळी त्या डागातून घेतली, आणि ती कॅन्सर निघाली.

आता गोधडीखाली बघायचं काम. त्यासाठी एन्डोस्कोपिक सोनोग्राफी, म्हणजे स्कोपच्या टोकातूनच सोनोग्राफी. अन्ननलिकेची भिंत त्यात उजळ-काळ्या पट्ट्यांसारखी दिसते, साधारण पाच. लायोमायोमा एकसारखा काळपट गोळा दिसतो आणि तो दुसऱ्या पट्टीतून आलाय का चौथ्या, हे कळतं. दुसरी म्हणजे अस्तराच्या तळाचा पातळ स्नायू, चौथी म्हणजे बाहेरचा जाड स्नायू. वरच्या कॅन्सरमध्ये आणि खालच्या गोळ्यामध्ये अखंड सीमा दिसते का हेही बघतात. मामांचा गोळा दुसऱ्या पट्टीतला होता. सोबत छाती-पोटाचा सीटी स्कॅन, कॅन्सर कुठे पसरलाय का बघायला, तो स्वच्छ आला.

उपचार ठरतो खोलीवर, हे वर म्हटलं त्याचं कारण लिम्फच्या नळ्या, कॅन्सर त्यांच्यातून पुढे लिम्फच्या गाठींमध्ये जातो (ह्या गाठी सगळ्यांच्याच शरीरात असतात, लायोमायोमाशी त्यांचा संबंध नाही). कॅन्सर अस्तराच्या वरच्या दोन पदरांत, म्हणजे तळाच्या पातळ स्नायूच्या अलीकडेच, असेल तर तो लिम्फच्या गाठींपर्यंत गेलेला असण्याची शक्यता फारच कमी, शंभरात पाचाच्याही खाली. अस्तराच्या तळाच्या स्नायूला भिडला की ती वाढते. आणि सैल थरात २०० मायक्रॉनच्या, म्हणजे एक पंचमांश मिलिमीटरच्या पलीकडे खोल गेला की शंभरातल्या ३० ते ५० जणांत लिम्फच्या गाठींमध्ये पोचलेला सापडतो. एवढ्याशा अंतरावर माणसाचं नशीब फिरतं. म्हणून वरवरच्या कॅन्सरला ईएसडी, पूर्ण नाव एन्डोस्कोपिक सबम्युकोझल डिसेक्शन. ही पद्धत जपानमध्ये आधी पोटाच्या कॅन्सरसाठी तयार झाली, मग अन्ननलिकेत आली.

करतात काय, तर डागाच्या भोवती खुणा करायच्या, मग सैल थरात निळसर रंगाचं द्रावण टोचायचं, त्याने अस्तर वर उचललं जातं, भाकरीचा पापुद्रा सुटतो ना अगदी तसं, आणि मग विजेवर चालणाऱ्या मिलिमीटरभर टोकाच्या सुरीने कडेने कापून त्या फुगलेल्या थरातून सावकाश पुढे जात तो पापुद्रा एका अखंड तुकड्यात सोडवायचा. अखंड हा शब्द महत्त्वाचा. तुकडे-तुकडे करून काढलं तर कडा स्वच्छ आहेत का, किती खोल गेलाय, हे पॅथॉलॉजिस्टला नीट सांगता येत नाही. लायोमायोमा दुसऱ्या पट्टीतला असला तर तो ह्या पापुद्र्याच्याच तळाला चिकटलेला असतो, मग द्रावण त्याच्या खाली टोचून दोन्ही एकाच तुकड्यात बाहेर येतात. मामांचं तसंच झालं, पूर्ण भूल देऊन साधारण दोन तास.

गोळा चौथ्या पट्टीतला, म्हणजे बाहेरच्या जाड स्नायूतला असता तर गणित बदललं असतं. तो उपटायला गेलं तर भिंतीला भोक पडू शकतं आणि अन्ननलिकेला भोक म्हणजे छातीत इन्फेक्शन, जिवावरचं प्रकरण. अशा साध्या गाठींसाठी अस्तराखालून बोगदा करून गाठ काढायची सुंदर पद्धत निघालीय, पण तिची सगळी भिस्त बोगद्याचं छप्पर शाबूत राहण्यावर आहे, आणि इथे छप्परालाच कॅन्सर. म्हणून तेव्हा वरचा कॅन्सर तेवढा अलगद सोडवतात आणि साधा गोळा, त्रास देत नसेल तर, राहू देऊन लक्ष ठेवतात. शरीरात गाठ ठेवून घरी जायचं हे पेशंटला पचायला जड जातं, पण ती गाठ निरुपद्रवी आहे आणि तिच्या मागे लागणं हाच मोठा धोका आहे.

नंतरचा त्रासही सांगतो. जखम भरताना नळी आवळते. घेराच्या तीन चतुर्थांशाहून जास्त अस्तर काढलं असेल तर हे होण्याची शक्यता बरीच, मग स्टेरॉईड देतात, फुग्याने नळी परत परत रुंदावतात. मामांचं काढलेलं क्षेत्र अर्ध्याहून कमी होतं, तरी महिनाभर पेज, मऊ भात, वरण. भाकरी दुधात कुस्करून. आणि रिपोर्टमध्ये कॅन्सर अपेक्षेपेक्षा खोल निघाला, किंवा रक्ताच्या-लिम्फच्या नळीत शिरलेला दिसला, तर ईएसडीवर भागत नाही, पुढे ऑपरेशन किंवा केमो-रेडिएशन घ्यावं लागू शकतं. हे आधीच सांगितलेलं असलं की तो फोन आल्यावर घर कोसळत नाही.

आपल्याकडे हे कुणी मनावर घ्यायचं? तंबाखू मळणारे, मिश्री लावणारे, सुपारी-गुटखा खाणारे, दारू पिणारे. तंबाखू आणि दारू दोन्ही असेल तर धोका नुसती बेरीज केल्यासारखा नाही, त्याहून बराच वाढतो. ६५ अंशाच्या वरचं, जीभ भाजेल असं गरम पिणं हेही जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६ मध्ये संभाव्य कारणांत धरलंय. आणि तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर होऊन गेलेले लोक, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी बोलली जाते. ज्या तंबाखूने गालाचं अस्तर बिघडवलं तीच लाळेतून खाली उतरत राहिलेली असते, त्यामुळे अशा माणसाच्या अन्ननलिकेत दुसरा, स्वतंत्र कॅन्सर सापडू शकतो. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट आपल्याकडे गावागावात आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या स्कोपमध्ये उंचवटा निघाला आणि "साधी गाठ" एवढंच सांगितलं तर नातेवाईकांनी नम्रपणे विचारावं की डॉक्टर, गाठीवरचं अस्तर कसं आहे, एनबीआयने पाहिलं का, आयोडीन लावायची गरज वाटते का, परत कधी बघायचं. चांगल्या डॉक्टरला ह्याचा राग येत नाही, आमच्या डॉक्टरांनी तर स्क्रीनवरचे फोटो उघडून एकेक दाखवले.

मामांचा शेवटचा रिपोर्ट दोन भागांत आला. वरच्या भागात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, अस्तराच्या दुसऱ्या पदरापर्यंत, कडा स्वच्छ, रक्ताच्या किंवा लिम्फच्या नळीत शिरकाव नाही. खालच्या भागात लायोमायोमा, १२ मिलिमीटर, डेस्मिन पॉझिटिव्ह, सीडी-११७ निगेटिव्ह, म्हणजे स्नायूचीच गाठ, जिस्ट नावाची धोक्याची जात नाही. मध्ये निरोगी पेशींची एक पातळ रेघ. अशा वेळी पाच वर्षांनी माणूस हयात असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. तंबाखूची डबी मामांनी स्वतः मामीच्या हातात दिली. दर सहा महिन्यांनी स्कोप आहे, आयोडीन लावून, कारण बाकीचं अस्तरही पस्तीस वर्षं तोच तंबाखू पचवून बसलंय. पुढचा नंबर मार्गशीर्षात लागतोय, मी सुट्टी टाकलीये.